बेवारस म्हणायचीही सोय नाही

ॲपवरून सायकली भाड्याने देणारी कंपनी बुडाली की तिचं कार्यालय बंद होतं, फोन बंद होतो, ॲप उघडेनासं होतं. सायकली मात्र जिथल्या तिथे राहतात. अशीच एक आमच्या फाटकाला खेटून उभी आहे. ती तिथे लावली कोणी, हे कोणालाच ठाऊक नाही; हलवायची कोणी, यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. त्या कंपनीत माझी अनामत अडकली, हे मी एकदा सगळ्यांसमोर बोलून बसलो. तेव्हापासून ती "तुमची सायकल".

हलवायची म्हणजे उचलायचीच. मागच्या चाकाला स्मार्ट कुलूप. बॅटरी मेल्यावर त्याची अक्कल गेली, पकड तेवढी राहिली. पुढचं चाक मोकळं. त्यामुळे मागून उचललं की हँडल आपल्या मर्जीने फिरतं आणि पेडल नेमकं नडगीवर बसतं.

भंगारवाल्याने सायकलीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवरचं नाव वाचलं आणि "कागद आहे?" विचारून चालता झाला. पोलीस चौकीत विचारलं, "चोरीला गेली?" म्हटलं, नाही. "मग सापडली?" म्हटलं, सापडली असंही नाही, जातच नाहीये. त्यांच्या वहीत असा रकाना नव्हता.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या वकीलकाकांना गाठलं. काका म्हणाले, "टाकून दिलेली वस्तू वेगळी. टाकणाऱ्याच्या मनात टाकायचं असावं लागतं. कंपनी दिवाळखोरीत गेली की तिची मालमत्ता परिसमापकाच्या, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा हिशेब मिटवणाऱ्या माणसाच्या, ताब्यात जाते. त्याने विकायची आणि घेणेकऱ्यांना वाटायची. आधी तारणवाल्या बँका. तुझ्यासारखे अनामतवाले सहसा पार मागे."

"मग अनामतीपोटी सायकलच ठेवून घेतो."

"तुझं घेणं पैशांचं आहे. सायकल घेतलीस तर रांग मोडलीस. शिवाय ती बँकेकडे गहाण असेल. किंवा कंपनीनेच कुणाकडून भाड्याने घेतलेली असेल."

म्हणजे माझे पैसे त्यांच्याकडे, त्यांची सायकल माझ्याकडे, आणि दोन्हींवर माझा हक्क सारखाच!

रांगेचं म्हणाल तर मी सुखी. चीनमध्ये 'ओफो' या अशाच सायकल कंपनीकडे ९९ किंवा १९९ युआन अनामत परत मागणाऱ्यांची ऑनलाइन रांग डिसेंबर २०१८ मध्ये एक कोटीच्या वर गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये सिंगापुरात 'ओबाइक'ने गाशा गुंडाळला, तिथेही अनामतवाले परिसमापकाच्या दारात.

खरा हेवा वाटतो तो ॲमस्टरडॅमचा. १९६५ साली तिथल्या 'प्रोव्हो' नावाच्या बंडखोर तरुण मंडळींनी सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या: ज्याला हवी त्याने न्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या, कारण सायकलीला कुलूप हवं असा नियम होता. आमच्या सायकलीला कुलूप आहे, हाच काय तो तिचा गुन्हा.

काकांच्या सल्ल्याने परिसमापकाला सायकलीच्या क्रमांकासह पत्र लिहिलं. उत्तर आलं, तेही अगदी अदबीने: "आपण कळवलेले वाहन आमच्या नोंदीनुसार सध्या एका ग्राहकाच्या वापरात असून त्यांची फेरी अद्याप संपलेली नाही. फेरी पूर्ण झाल्यावर पुन्हा संपर्क साधावा."