उणे साडेसहा आणि पंच्याहत्तर फूट दोरी

माझा नंबर उणे साडेसहा आहे. ज्यांना नंबर नसतो त्यांना यातलं काहीही कळत नाही, ते लगेच दोन बोटं नाचवून "ही किती सांग" म्हणतात. बाबांनो, बोटं किती ते कळतं, बोटं कुणाची ते कळत नाही. गणित अगदी सोपं आहे, एक मीटर भागिले साडेसहा, म्हणजे साधारण 15 सेंटिमीटर. नाकाच्या शेंड्यापासून कंपासपेटीतल्या पट्टीएवढं जग माझ्या मालकीचं, त्याच्यापलीकडे पावसात भिजलेली रांगोळी.

चौथीत चष्मा लागला तेव्हापासून मी ढापणी. सांगलीत आमच्या गल्लीत तर मला खरं नाव आहे हेच निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. मग लग्नाच्या बाजारात आईने लेन्स घ्यायला लावल्या, त्या घालून कांदेपोहे झाले, आणि तेव्हा मला लेन्सचा एकमेव निखळ फायदा कळला, तो म्हणजे कांदा चिरताना डोळ्यातून पाणी येत नाही. तोटा दुसऱ्याच आठवड्यात कळला. दुपारी ठेचा केला, हात तीनदा साबणाने धुतले आणि रात्री लेन्स काढायला बोट डोळ्यात घातलं. पुढचं मी लिहीत नाही, ज्यांनी हे केलंय त्यांना सांगायची गरज नाही आणि ज्यांनी केलं नाहीये त्यांनी करू नये.

तर असे हे डोळे घेऊन मी अमेरिकेत, मिनेसोटात राहते. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर '10,000 लेक्स' असं छापलेलं असतं, ते वाचून नवीन माणसाला वाटतं जाहिरात आहे, पण नाही हो, प्रत्यक्षात जास्तच आहेत. आणि उन्हाळा आला की इथला माणूस शुक्रवारी दुपारी गाडीमागे बोट अडकवून 'केबिनवर', म्हणजे तळ्याकाठच्या सुट्टीच्या घरी जातो, जसे आपल्याकडे लोक शनिवारी गावाकडे जातात तसे. नवऱ्याच्या कलीगने चार जुलैच्या लाँग वीकेंडला आम्हाला त्यांच्या केबिनवर बोलावलं आणि मेसेजमध्ये शेवटी लिहिलं, 'वी विल गेट यू ऑल अप ऑन स्कीज'. म्हणजे वॉटर स्कीइंग, पायात लांब फळ्या, हातात बोटीला बांधलेली दोरी, आणि बोट ओढेल तसं पाण्यावर उभं राहून घसरायचं. नवऱ्याने ते वाचून मला न विचारता अंगठा पाठवला. माझं म्हणणं एवढंच होतं की पोहता येतं (विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलेय), पडायलाही येतं, फक्त दिसत नाही, त्याचं काय करायचं?

चष्मा लावून जाणं शक्यच नव्हतं. एक चष्मा मी ऑलरेडी मालवणला बनाना राइडवर समुद्राला वाहिलेला आहे, लोक नारळ टाकतात, मी साडेचार हजाराची फ्रेम टाकली. चष्म्याला मागून दोरी लावायचा सल्ला नवऱ्याने दिला, पण तसा चष्मा लावला की मी आमच्या गल्लीतल्या टेलरकाकांसारखी दिसते, आणि तोंडावर आपटल्यावर काचा कुठे जातील याचा विचार करूनच मी तो विषय बंद केला. राहिल्या लेन्स.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या खुर्चीतून पुढेच सरकल्या. म्हणाल्या, लेन्स घालून पाण्यात जायचंच नाही, तळ्यात नाही, पूलमध्ये नाही, शॉवरमध्येसुद्धा नाही. का, तर पाण्यात अकांथामीबा नावाचा एक जीव असतो, तो लेन्सच्या मागे अडकतो आणि बुबुळाला इन्फेक्शन करतो, ते दुर्मीळ असतं पण झालं तर उपचार महिनोन् महिने चालतात आणि नजर जाऊ शकते. हा बेटा स्वतःभोवती कवच करून बसतो त्यामुळे औषधालाही लवकर दाद देत नाही. मला शाळेतला विज्ञानाचा पेपर आठवला, 'अमिबाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या', मी छद्मपाद काय सुंदर काढायचे, दोन मार्क हमखास. इतक्या वर्षांनी तो ओळख काढत येईल असं वाटलं नव्हतं.

"आणि घालायच्याच असतील तर?" मी नणंदेच्या लग्नात डाएट विचारतात त्या आवाजात विचारलं. बाईंनी उसासा सोडला. मग घट्ट बसणारा गॉगल लाव, एका दिवसात टाकून द्यायच्या लेन्स घाल, बाहेर आल्यावर त्या लगेच फेक, डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन होईना की थेट इकडे ये. आणि हो, गोड्या पाण्यात सॉफ्ट लेन्स बुबुळाला चिकटून बसते, अश्रूंमधे मीठ असतं आणि तळ्याच्या पाण्यात नसतं म्हणून, तेव्हा ओढू नकोस, थेंब टाक आणि थांब. सगळं ऐकून घेतलं. शेवटी दारातून म्हणाल्या, "पडताना डोळे गच्च मिट." पडणं हे जणू अपॉइंटमेंट घेऊन येतं!

पहिल्या दिवशी मी शहाण्या मुलीसारखी लेन्सशिवाय उतरले. बोट चालवायला कलीगचे वडील, वय चौऱ्याहत्तर, डोळे ससाण्यासारखे, म्हणजे असं सगळे म्हणाले, मला आजोबांच्या जागी एक लाल टोपी दिसत होती. बोटीत ड्रायव्हरशिवाय मागे बघणारा एक माणूस बसवतात, ते काम नवऱ्याला दिलं. खुणा समजावल्या: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थापटलं म्हणजे मला धक्क्यावर परत न्या, गळ्यावर आडवा हात फिरवला की इंजिन बंद. पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जोडून दाखवायचे म्हणजे मी ठीक आहे. सगळं पाठ केलं. फक्त दोरी 75 फुटांची आणि माझी पट्टी 15 सेंटिमीटरची, हा हिशोब कुणी केला नाही.

पाण्यात बसायचं, गुडघे छातीशी, हात सरळ, स्कीची टोकं पाण्याबाहेर, आणि उभं राहायचा प्रयत्न स्वतः करायचा नाही, बोट आपल्याला उचलते. हे शेवटचं आपल्या स्वभावात नाही. आपण एसटीत चढताना दांडा धरून अंग वर ओढणारी माणसं, बोट निघाली की आपोआप कोपर वाकतं, आणि कोपर वाकलं की तोंडावर. पाच वेळा तोंडावर. नाकातून इतकं पाणी आत गेलं की सर्दी असती तर कायमची गेली असती.

पाचव्यांदा पडले तेव्हा स्की सुटून कुठेतरी गेल्या, मी पाण्यात तरंगतेय, आणि समोर एक पांढरा ठिपका हळूहळू मोठा होतोय. हुश्श, आली बोट. मी हात मारत मारत गेले, कडेला धरलं, वर एक पुरुषाकृती होती, तिला म्हणाले, "अरे बघत काय बसलायस, हात दे ना, आणि आधी तो मोबाइल खाली ठेव." आकृतीने काहीतरी खाली ठेवलं. हात दिला. हात जरा जास्तच खरखरीत वाटला. वर चढून बसले, पदर नव्हता म्हणून लाइफ जॅकेटच्या पट्ट्यानेच तोंड पुसलं, आणि नाक जवळ नेऊन बघते तर काय, पांढऱ्या दाढीचे एक अनोळखी गृहस्थ, आणि खाली ठेवलेलं ते मोबाइल नव्हतं, मासेमारीचा गळ होता. मी "सॉरी सॉरी, थँक यू" करत सुटले. ते शांतपणे म्हणाले, "यू बेचा." म्हणजे 'अहो, त्यात काय'. मिनेसोटाचा माणूस भूकंपातसुद्धा एवढंच म्हणेल. आमची बोट दोन मिनिटांनी आली, तोपर्यंत त्यांनी मला एक कुकी पण दिली होती.

रात्री केबिनवर सगळे हसून हसून आडवे झाले, आणि आजोबांनी सांत्वन म्हणून वॉटर स्कीइंगचा इतिहास सांगितला, कारण तो इथलाच आहे. लेक सिटी नावाचं गाव, तिथे मिसिसिपी नदी फुगून लेक पेपिन झालीये, तिथे 1922 च्या जुलैमध्ये राल्फ सॅम्युअलसन नावाचा पोरगा, एकोणीस पूर्ण व्हायला एक दिवस बाकी असताना, पाण्यावर पहिल्यांदा उभा राहिला. आधी त्याने पिंपाच्या फळ्या बांधून बघितल्या, बर्फावरच्या स्की बघितल्या, नाही जमलं, मग आठ फुटी लाकडी फळ्या आणल्या आणि त्यांची टोकं वाकवायला आईच्या तांब्याच्या पातेल्यात उकळली. तीन वर्षांनी उतरत्या फळीला डुकराची चरबी चोपडून तिच्यावरून उडी पण मारली. मला ती आई दिसली. तांब्याचं पातेलं, चिंचेने घासून घासून लखलखीत केलेलं (तिकडे चिंच नसेल, पण काहीतरी असेलच), आणि आत फळ्या शिजतायत.

आणि गंमत म्हणजे माझ्या लेन्सची पण तीच कथा. ओटो विख्टरले म्हणून एक झेक केमिस्ट, त्याने 1961 च्या ख्रिसमसला घरीच, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे तुकडे आणि सायकलचा डायनॅमो जोडून पहिल्या चांगल्या सॉफ्ट लेन्स फिरवून काढल्या. सणाचा दिवस, घरात पाहुण्यांची गडबड असेल, आणि हा टेबल अडवून बसलाय. म्हणजे माझ्यावर आलेली दोन्ही संकटं कुणाच्या ना कुणाच्या घरात, कुठल्या तरी बाईच्या डोळ्यादेखत तयार झाली आणि तिने वेळेवर लाटणं उगारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी लेन्स घातल्या. गॉगल पण लावला, पण तो पहिल्याच आपटीत गळ्यात आला आणि आत धुकं धरलं, तेव्हा काढून बोटीत फेकला. डॉक्टरीणबाई हे वाचत असतील तर सॉरी. आणि मग काय सांगू, उभी राहिले हो! तासाला वीस मैलांचा वेग असेल, पण मला वाटलं विमान. काठावरची झाडं एकेक वेगळी, पाण्यावरचा काळापांढरा लून पक्षी, आजोबांच्या लाल टोपीवरची अक्षरंसुद्धा. आणि बोटीत मागे बघायला नेमलेला माझा नवरा, ज्याने माझ्यावरून नजर हलवायची नव्हती, तो पुढे तोंड करून चिप्स खात होता. कालपर्यंत मला हे दिसत नव्हतं. दिसायला लागल्याचे तोटे असतात.

त्यात वारा. डोळे कोरडे पडायला लागले, डाव्या लेन्सची कड उचकटल्यासारखी वाटली, मी तो डोळा मिटला, उघडला, मिटला. मुलगा आता मागे बघत होता, तो ओरडला, "बाबा, आई तुला डोळा मारतेय!" नवरा वळला, हातातल्या चिप्ससकट खुश. तेवढ्यात माझा उजवा हात हँडल सोडून वर गेला. का गेला? चष्मा वर सरकवायला! लेन्स घातल्या तरी तीस वर्षांची सवय, नाकावर नसलेला चष्मा मी आजही दिवसातून दहादा सरकवते. नाकावर काही सापडलं नाही म्हणून हात आणखी वर, कपाळावर, डोक्यावर, की चष्मा तिथे अडकवलाय का. डोक्यावर थापटलं म्हणजे धक्क्यावर परत न्या. आजोबांना निरोप पोचला, त्यांनी लगेच सुंदर वळण घेतलं. मी घेतलं नाही.

पडताना डोळे? टक्क उघडे.

पाण्यातून वर आले तर अर्धं जग स्वच्छ आणि अर्धं भिजकी रांगोळी. डावी लेन्स गायब, उजवी जागेवर आणि अशी चिकटलेली की पापणी हलेना. दोन डोळ्यांत साडेसहाचा फरक असला की शिडीची पायरी एकाच वेळी दोन ठिकाणी असते, मी मधल्या पायरीवर पाय ठेवला, जी नव्हतीच.

नंतरचा तासभर केबिनच्या बाथरूममध्ये. उजव्या डोळ्यात थेंब टाकत बसले, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, नवरा मोबाइलचा टॉर्च मारतोय, "सरकतीये का?" दर अर्ध्या मिनिटाला. शेवटी हलली, निघाली, सरळ कचऱ्यात. डावीचं मात्र कोडं, तळ्यात गेली की वरच्या पापणीत वर सरकून बसलीये? त्यात आईचा व्हिडिओ कॉल, तिकडे मध्यरात्र, पण लेकीच्या डोळ्यात काहीतरी गेलंय हे तिला कुठूनही कळतं. "पदराचा बोळा कर, त्यावर फुंकर घाल, गरम गरम डोळ्यावर धर." "अगं आई, पदर कुठला, मी स्विमसूटमध्ये आहे." स्क्रीनवर दोन सेकंद शांतता. नेटवर्क गेलं असावं असं आम्ही दोघींनी ठरवलं.

तेवढ्यात मुलगा धावत आला, "आई, मिळाली! बोटीत खाली पडली होती!" तळहातावर पातळ, गोल, पारदर्शक. मला तर भरूनच आलं. ती परत घालायची नव्हतीच, पण डोळ्यात नाहीये एवढं कळलं, जीव भांड्यात पडला. त्याने फार कौतुकाने ती माझ्या लेन्सच्या डबीत ठेवली, वर सॉल्यूशन घातलं, आणि मी निवांत झोपले.

सकाळी चष्मा लावून डबी उघडली तर आत माशाचा खवला. आजोबांनी आदल्या दिवशी पकडलेल्या वॉलआयचा. मुकाट्याने गाडीत बसले, थेट डॉक्टरीणबाईंकडे, त्यांनी पापणी उलटून बघितली, डोळ्यात काही नाही, लाली पण नाही, गॉगलचं विचारलं तेव्हा मी भिंतीवरचा तक्ता वाचायला लागले. डबी धुतली नाही, फेकूनच दिली. आईला लेन्स मिळाली असंच सांगितलंय. आमच्याकडे मासे चालत नाहीत.