मित्रासोबत स्पर्धेत उतरताना

छोट्या सैनिकांच्या प्रतिकृती घेऊन टेबलावर खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळाच्या दोन दिवसांच्या स्पर्धेला मित्रासोबत गेल्यास नवख्याचे दडपण कमी होते, हे एका लेखात वाचलेले मत पटले. मात्र त्यात जोड्या कशा लावल्या जातात, हे यायला हवे होते. अशा स्पर्धांत बहुधा स्विस पद्धत वापरली जाते, म्हणजे कोणी बाद होत नाही आणि पुढील प्रत्येक फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते, त्यामुळे दोघेही पहिला सामना हरलात तर दुसऱ्याच फेरीत मित्र समोर उभा राहू शकतो. (एकमेकांचे डावपेच पाठ असलेल्यांचा सामना क्वचितच रंगतो, हे माझे वैयक्तिक मत.)

'वॉरहॅमर ४०,०००' या अशाच एका युद्धखेळात २,००० पॉइंट्सच्या (पॉइंट्स म्हणजे सैन्यातील तुकड्यांना ठरवून दिलेले मोल) सैन्यांचा सामना सुमारे ३ तास चालतो, आणि अनेक ठिकाणी बुद्धिबळाचे घड्याळ लावलेले असते. तेव्हा मित्रासोबतचे सरावाचे सामनेही घड्याळ लावूनच खेळावेत. शिवाय सामन्याच्या १०० पैकी १० गुण केवळ सैन्य किमान ठरलेल्या दर्जापर्यंत रंगवलेले असल्याबद्दल मिळतात, म्हणून आदल्या रात्री दोघांनी मिळून ब्रश चालवणे मुळीच वाया जात नाही.