आजारी माणसाचा बंदोबस्त

एचआर मॅनेजर झालात, अभिनंदन! कंपनी भोसरीच्या शेडमध्ये असो, चाकणला असो की हिंजवडीच्या काचेच्या इमारतीत, उद्यापासून तुमच्याकडे रजेचे अर्ज येणार. घाबरून जाऊ नका. रजा देण्याचं काम तुमचं नाहीच, ते सरकारने केव्हाच उरकलंय. दिलेली रजा कुणी वापरत नाही ना, एवढंच तुम्ही बघायचं.

कायदा एकदा वाचून घ्या. महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ सालचा. वर्षाला ८ किरकोळ रजा, त्याही तिमाहीच्या हप्त्याने खात्यात पडणाऱ्या. जानेवारीत कुणाला टायफॉईड झाला तर हाताशी २ दिवस. टायफॉईड २ आठवडे घेतो हे डॉक्टरांचं मत झालं, आपल्या सॉफ्टवेअरचं वेगळं आहे. वर्षात २४० दिवस भरले की दर २० दिवसांमागे १ पगारी रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. आजारपणाची म्हणून वेगळी रजा या कायद्यात नाही. तुमच्या पॉलिसीत ती असेल तर ती कंपनीची मेहेरबानी, आणि मेहेरबानीला अटी घालायला कुणाची ना नसते.

पहिली अट सर्टिफिकेटची. एक दिवस ताप आला तरी सर्टिफिकेट, आणि तेही एमबीबीएसचं. वस्तीतला डॉक्टर बीएएमएस नाहीतर बीएचएमएस असतो, संध्याकाळी सातला दवाखाना उघडतो, बाहेरच्या बाकड्यावर वीस माणसं खोकत बसलेली असतात, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. म्हणूनच तर अट घालायची. १०२ ताप अंगात घेऊन माणूस रिक्षाने मोठ्या हॉस्पिटलला जाईल, केसपेपर काढेल, शिक्का घेईल, आणि पुढच्या वेळी ताप आला तर क्रोसिन घेऊन मुकाट्याने कामावर येईल. रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट मागायला विसरू नका. तो आजारी होता याचा एक कागद आणि तो आता आजारी नाही याचा दुसरा. दोन्हींवर तारीख एकच असली तरी फाईल पूर्ण झाली हे महत्त्वाचं.

मग सँडविच. शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधले शनिवार-रविवारही रजेतच धरायचे. माणूस तापाने फणफणत रविवारी घरी पडला होता ना, मग रविवार आजारपणातच गेला, हिशेब सरळ आहे. कारखान्याच्या कामगारांना हे लावू नका, तिथे पगारी रजेत सुट्ट्या धरायच्या नाहीत असं त्यांच्या कायद्यातच लिहिलंय आणि युनियनवाल्यांना ते कलम पाठ असतं. ऑफिस स्टाफला युनियन नसते. तीन लेट मार्कला अर्धी रजा हा नियमही याच मंडळींसाठी ठेवा. वाघोलीच्या ट्रॅफिकवर आपला ताबा नाही, रजेवर आहे.

गौरी-गणपतीच्या आठवड्यात मात्र जरा सबुरीने घ्या. कोकणातल्या निम्म्या स्टाफला त्याच दिवशी जुलाब होतात, आणि ते संगमेश्वर-कणकवलीकडे गेल्यावरच थांबतात. यावर औषध नाही. तिथे सर्टिफिकेट मागितलंत तर तेही येईल, वर डब्यात मोदक येतील. घ्या आणि गप्प बसा.

आता खरं कसब लागतं ते ईएसआयसीला, म्हणजे सरकारच्या कर्मचारी राज्य विमा योजनेला. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला माणूस या योजनेत येतो. त्याच्या पगारातून पाऊण टक्का जातो आणि कंपनी सव्वातीन टक्के भरते. त्या बदल्यात त्याला, बायकोपोरांना आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईबापांना उपचार मिळतात, खर्चाला कमाल मर्यादा नाही. पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवस ७० टक्के पगारही मिळतो. एवढी चैन कशाला? २१,००० वाल्याला बोलावून पाठीवर थाप मारा आणि १०० रुपये वाढवून द्या. मर्यादा २०१७ पासून तिथेच उभी आहे, तो अलगद पलीकडे जाईल. कंपनीचे दरमहा ६८२ रुपये ५० पैसे वाचले, १०० गेले. त्याचेही १५७ रुपये ५० पैसे कापायचे थांबले, म्हणजे घरी अडीचशेच्या वर जास्त गेले. तो पेढे वाटेल. वेळ तेवढी साधा: सहामाहीच्या मध्येच मर्यादा ओलांडली तरी ती सहामाही संपेपर्यंत वर्गणी भरावीच लागते. म्हणून असं प्रमोशन १ एप्रिलला नाहीतर १ ऑक्टोबरला द्यावं. आईच्या डायलिसिसचा विषय त्याच्या घरी पुढे कधीतरी निघेल, तोवर अप्रेझल झालेलं असतं.

योजनेतून बाहेर पडलेल्यांसाठी आपला ग्रुप मेडिक्लेम आहेच. नोकरीच्या जाहिरातीत ‘३ लाखांचं आरोग्य कवच’ ठळक अक्षरात छापा, कवचाला भोकं कुठे आहेत ते पॉलिसीच्या चौदाव्या पानावर असू दे. त्यातलं सगळ्यात सुंदर कलम खोलीभाड्याचं. दिवसाला विम्याच्या रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये. पुण्यात त्या भावात जनरल वॉर्डचा कॉट मिळाला तर मिळाला. वडिलांचं ऑपरेशन, रात्रीचे अकरा, ‘साहेब, ६,००० वालीच रूम शिल्लक आहे’ असं काउंटरवरचा मुलगा म्हणतो आणि तुमचा कर्मचारी सही करतो. त्याला वाटतं, फार तर दिवसाला ३,००० आपल्या खिशातून जातील. चार दिवसांनी डिस्चार्ज. डॉक्टरांनी सकाळी नऊला घरी जा म्हटलेलं, हाताला पट्टी, पिशव्या भरून तयार, वडील कपडे घालून पलंगाच्या कडेला बसलेले. टीपीएची, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या मध्यस्थाची, मंजुरी येते संध्याकाळी साडेपाचला. खोली दुप्पट दराची घेतली म्हणून सर्जनची फी निम्मी मंजूर, थिएटरचं भाडं निम्मं मंजूर, भूलतज्ज्ञ निम्मा मंजूर. ऑपरेशन अर्थातच पूर्ण केलेलं असतं. हातमोजे आणि मास्कचे पैसे मिळत नाहीत, कारण विमा कंपनीच्या हिशेबात सर्जनने उघड्या हातांनी ऑपरेशन करायला हरकत नसावी.

त्याच वेळी तो तुम्हाला फोन करेल. उचला. न उचलणं माणुसकीला धरून नाही. ‘काळजी करू नका, मी टीपीएला एस्केलेट करतो, तोवर तुम्ही भरून घ्या, रीइम्बर्समेंटला टाकू’ हे वाक्य शांत आवाजात म्हणा. या वाक्याने आजवर कुणाचं बिल कमी झालेलं नाही, पण ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पुढल्या वर्षी क्लेम जास्त झाले म्हणून प्रीमियम वाढला की आईवडिलांचं कवच ‘ऐच्छिक’ करून टाका. ऐच्छिक म्हणजे पैसे त्याने भरायचे.

बायकांचा प्रश्न जरा नाजूक आहे. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची २६ आठवडे पगारी रजा द्यावी लागते, आणि ईएसआयसीबाहेरच्या बाईचा हा सगळा पगार कंपनीच्याच खिशातून जातो. सरकारने मातृत्वाचा गौरव केला, बिल आपल्याला पाठवलं. ही तक्रार खरीही आहे, पण ती मंत्रालयाकडे नेण्यापेक्षा मुलाखतीला आलेल्या मुलीवर काढणं सोपं पडतं. ‘मग, लग्नाचं काय ठरलंय?’ असा प्रेमळ प्रश्न विचारा. लग्न झालं असेल तर ‘पुढचं प्लॅनिंग?’ हे घरच्या काकूच्या सुरात. रजेवर असताना काढता येत नाही, कायदा आडवा येतो. ती परत आल्यावर तिची टीम दुसऱ्याकडे गेलेली असावी, मग ती स्वतःच राजीनामा लिहिते. ५० माणसं झाली की पाळणाघराची सोय करावी लागते, म्हणून मस्टरवर ४९ ठेवा, बाकीचे ठेकेदाराच्या नावावर. ते जमलं नाही तर स्टेशनरीच्या खोलीत एक प्लास्टिकची घसरगुंडी ठेवून द्या. इन्स्पेक्टर आला तर प्रिंटरचे कागद तिच्यावरून उचलायला विसरू नका.

एवढं केल्यावर कर्मचाऱ्यांच्या आरोग्याची काळजी घ्यायला तुम्ही मोकळे. बुधवारी झुम्बा, पॅन्ट्रीत केळी, जिन्याच्या पायऱ्यांवर ‘प्रत्येक पाऊल निरोगी आयुष्याकडे’ असे स्टिकर. मानसिक ताणावर वेबिनार जरूर ठेवा. शनिवारी ठेवा, कामाचे तास वाया जात नाहीत. हजेरी सक्तीची करा आणि न येणाऱ्याची रजा टाका.

कंपनी फारच पुढारलेली असेल तर ‘अमर्याद रजा’ जाहीर करून टाका. बातमी होते, लिंक्डइनवर टाळ्या पडतात. ज्याच्या खात्यात आकडाच नाही त्याची शिल्लकही नसते, आणि नसलेल्या शिल्लकीचे पैसे सोडून जाताना मागायला कुणी येत नाही. किती रजा घ्यावी हे प्रत्येकाने बॉसच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचं.

शेवटी कुणी सोडून जाणारच. नोटीस पिरियडमध्ये रजा नाही, आजारी पडला तर तेवढे दिवस पुढे ढकला. शेवटच्या कामाच्या दिवशी त्याचा मेडिक्लेम संपतो. ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायची सोय असते, पण अर्ज मुदतीत करावा लागतो, आणि हे त्याला कळवणं तुमचं कर्तव्य आहे. त्यात कुचराई नको. सविस्तर मेल लिहा, फॉर्म जोडा, विमा कंपनीचा नंबर द्या, आणि संध्याकाळी सात वाजता त्याच्या कंपनीच्या आयडीवर पाठवून द्या. तो आयडी आयटीवाल्यांनी सहालाच बंद केलेला असतो.