‘कुणीच विकू नका’ म्हणणाऱ्यांचं गणित

"मीम कॉइनचा भाव आपल्यासारखे छोटे लोकच ठरवतात. होल्डर रोज वाढताहेत. कुणीच विकलं नाही तर व्हेल काही करू शकत नाहीत, आणि मग एक डॉलर काही लांब नाही." हा मजकूर कॉइनचं नाव बदलून बदलून फिरत असतो. मीम कॉइन म्हणजे गंमतीवर किंवा ट्रेंडवर निघालेलं डिजिटल चलन, होल्डर म्हणजे ते धरून बसलेले, आणि व्हेल म्हणजे प्रचंड माल हातात असलेले बडे होल्डर. एकेक वाक्य घेऊ.

छोटे लोक भाव हलवतात, हे खरंच आहे. २०१३ साली गंमत म्हणून निघालेलं डोजकॉइन मे २०२१ मध्ये ७० सेंटांच्या पुढे गेलं, ते गर्दीच्याच जोरावर. पण हलवणं वेगळं, ठरवणं वेगळं. त्याच ८ मे रोजी डोजकॉइनचे जाहीर चाहते इलॉन मस्क टीव्हीवर ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मध्ये येणार म्हणून लोकांनी आधीच माल घेऊन ठेवला होता. कार्यक्रम चालू असतानाच भाव एक चतुर्थांशाहून जास्त पडला. ज्यांना घ्यायचं होतं ते घेऊन बसलेले. नवीन गिऱ्हाईक आणायचं कुठून?

नव्या कॉइनचं तर फारच नाजूक असतं. त्याची खरेदी-विक्री बहुधा लिक्विडिटी पूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामने चालणाऱ्या सामायिक साठ्यात होते. एका बाजूला डॉलर, दुसऱ्या बाजूला कॉइन, आणि दोन्हींचा गुणाकार कायम राहील असा भाव. समजा, पूलमध्ये १ लाख डॉलर आणि १० कोटी कॉइन आहेत. भाव ०.००१ डॉलर. एकूण कॉइन १०० कोटी, म्हणजे कागदावर मार्केट कॅप (सगळ्या कॉइनची मिळून किंमत) १० लाख डॉलर. शंभर जणांनी शंभर-शंभर डॉलर टाकले. आत आले १० हजार. भाव चढला २१ टक्के आणि मार्केट कॅप फुगलं २ लाख १० हजारांनी. स्क्रीनशॉट सुरू! आता सुरुवातीपासून १० कोटी कॉइन धरून बसलेल्या एकाने सगळा माल काढला. स्क्रीनवर त्याची किंमत १ लाख २१ हजार दिसत होती. फी सोडली तरी हातात पडतात साडेसत्तावन्न हजारांच्या आसपास. भाव तिथून ७७ टक्के खाली. व्हेललाही पुरता भाव मिळाला नाही, पण तो पैसे घेऊन बाहेर पडला. त्या शंभर जणांच्या १० हजारांचे अडीच हजारही उरले नाहीत.

होल्डर वाढताहेत म्हणे. मोजली जातात ती वॉलेटं, म्हणजे कॉइन ठेवायची डिजिटल खाती; माणसं नव्हेत. एकटा माणूस शेकडो वॉलेटं उघडू शकतो. बघायचंच तर पहिल्या दहा वॉलेटांत किती माल आहे ते बघा. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या नावाचं कॉइन आलं, तेव्हा १०० कोटींपैकी ८० कोटी त्यांच्याशी संबंधित कंपन्यांकडेच होती, टप्प्याटप्प्याने मोकळी होणारी.

एक डॉलरचं स्वप्न शिबा इनू या मीम कॉइनच्या नावावर खूप विकलं जातं. ती कॉइन आहेत सुमारे ५८९ लाख कोटी. प्रत्येकी एक डॉलर धरला तर बेरीज जगाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या पाचपट होते. यावर आणखी काय बोलायचं?

राहिलं ‘कुणीच विकलं नाही तर’. डोजकॉइनमध्ये दर वर्षी सुमारे ५०० कोटी नवी कॉइन तयार होतात. जुन्यांनी एकही विकलं नाही तरी ती घ्यायला कुणीतरी लागतंच. आणि कुणीच न विकण्याचा प्रयोग प्रत्यक्षात होऊनही गेला आहे. २०२१ च्या शरदात ‘स्क्विड गेम’ मालिकेचं नाव लावून एक कॉइन आलं. मालिकेच्या निर्मात्यांचा त्याच्याशी संबंध नव्हता. घेता येत होतं, पण विकायला गेलं की व्यवहार अडायचा. विक्रीच नाही म्हटल्यावर भाव चढतच गेला. १ नोव्हेंबरला तो २,८०० डॉलरच्या वर पोचला आणि काही मिनिटांत जवळजवळ शून्यावर आला, कारण बनवणाऱ्यांनी सुमारे ३३ लाख डॉलर काढून पोबारा केला. छोट्यांपैकी जवळपास कुणीच विकलं नव्हतं.