खाजणातलं 'काळं सोनं' उन्हात घालण्याआधी

बुधवारी रात्री साडेदहाला मामांचा फोन. एवढ्या उशिरा फोन म्हणजे पोटात गोळाच येतो. पण मामा भलतेच खुशीत होते. "जेसीबीवाल्याक सांगलंय गो. आयतवारी येतलो." कशाला, तर खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे बांध घालून भरतीपासून राखलेल्या भातशेतात, चार-साडेचार फूट खोल चर मारायला आणि खालचा काळा चिखल वर काढून शेतभर पसरायला. विसारही देऊन झाला होता. ही बुद्धी कुठून आली ते पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन पडलं: 'खाजण सोन्यासारखं पिकवा, फक्त पाच उपाय'. सोबत एक व्हिडिओ, मागे बासरी.

हा व्हिडिओ मला त्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. आधीच्या दोन वेळी मी दुर्लक्ष केलं. आता घरातलंच शेत उकरायला निघालं म्हटल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. मी कृषी पदवीधर आहे हे मामा लग्नकार्यात सगळ्यांना सांगतात. माझं ऐकायची वेळ आली की मात्र म्हणतात, "अगो, लाखभर लोकांनी बघितल्यानी, ते सगळे येडे काय?"

व्हिडिओचं म्हणणं थोडक्यात असं. खाजणाची जमीन आम्ल झाली ती रासायनिक खतांमुळे. ती खारट आहे, म्हणून जिप्सम टाका. साचलेलं पाणी हा रोग आहे, म्हणून खोल चर मारून जमीन पार कोरडी करा आणि तळचा काळा चिखल, म्हणे 'काळं सोनं', वर आणून दोन महिने उन्हात तापवा. मग एकरी एक पोतं चुना टाका. शेवटी व्हिनेगर ओतून घरच्या घरी माती तपासा.

पहिल्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं देऊन टाकते. अमोनियम सल्फेटसारखी खतं वर्षानुवर्षं वापरली तर मातीचा सामू, म्हणजे पीएच, खाली येतो. यात वाद नाही. पण दक्षिण कोकणात आणि गोव्यात डोंगर जांभ्याचा आणि पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरच्या घरातला. या पावसाने मातीतला चुना-मॅग्नेशियम युरियाचं पोतं गावात यायच्या कितीतरी आधी धुऊन नेलेलं आहे. खाडीच्या चिखलाचं आंबटपण तर त्याहून वेगळं. समुद्र हटवून काढलेल्या जमिनीतल्या अशा नापीक मातीला डच शेतकऱ्यांनी 'मांजरमाती' अशा अर्थाचं नाव ठेवलं होतं, आणि 18व्या शतकात लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने तिची नोंद केली होती. तेव्हा कुठलं रासायनिक खत?

जिप्समचं लवकर आटपते. खारट जमीन आणि चोपण जमीन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोपण जमिनीत सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. सामू साडेआठच्या वर जातो आणि पाणी वर तसंच राहतं. तिथे जिप्सम हे औषधच आहे. मामांच्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू 5.1 आहे! जिप्सम काही चुना नव्हे, तो आम्ल मारत नाही. त्यातल्या कॅल्शियममुळे खालच्या थरातल्या अ‍ॅल्युमिनियमचा मुळांना होणारा त्रास थोडा कमी होतो, एवढं कबूल. पण मीठ काढायला पाऊस लागतो, आणि तो कोकणात फुकट पडतो. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींचं पाणी शेतात घ्यायचं, ओहोटीला झडप उघडून सोडायचं, परत घ्यायचं. रायगडात या झडपेला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. नावं वेगळी, काम तेच.

आता तिसरा मुद्दा. माझी झोप याच मुद्द्याने उडाली.

खाजणातला तो काळा-निळसर चिखल कसा तयार होतो ते आधी बघा. समुद्राच्या एका लिटर पाण्यात मिठाबरोबर सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. भरतीबरोबर ते खाडीत येतं. खाडीकाठी तिवरांचा पालापाचोळा आणि मुळं कुजत असतात. चिखलात हवा नसते, म्हणून तिथले जिवाणू श्वासासाठी सल्फेटमधला ऑक्सिजन ओढतात. उरतो तो सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. खाजणात पाय रुतला की येतो तोच वास. वर जांभ्याच्या डोंगरावरून लोह तर वाहून येतच असतं. गंधक आणि लोह एकत्र येऊन आधी काळं लोहसल्फाइड आणि सावकाश पायराइट होतं. पाण्याखाली असेपर्यंत हे पायराइट गरीब गाय आहे. हजारो वर्षं पडून राहिलं तरी कुणाला त्रास नाही.

त्याला हवा लागली की चित्र पालटतं. पायराइट, ऑक्सिजन आणि पाणी मिळून गंधकाम्ल तयार होतं. गाडीच्या बॅटरीत असतं तेच, सल्फ्युरिक अ‍ॅसिड. एक किलो पायराइटातून दीड किलोहून जास्त. मातीतले दुसरे जिवाणू हे काम आणखी वेगाने करतात. सामू 4च्या खाली गेला की चिकणमातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून बाहेर येतं. मुळांची टोकं जळतात, स्फुरद अडकून बसतं. वाळलेल्या ढेकळात फिकट, गवतकाडीच्या रंगाचे पिवळे ठिपके दिसायला लागतात. जाणकार ते ठिपके बघितले की पुढचं काही विचारत नाहीत.

व्हिडिओतल्या दाढीवाल्या गृहस्थांनी नेमके हेच ठिपके कॅमेऱ्यासमोर धरले आहेत आणि "बघा, गंधक वर आलं, जमीन जिवंत झाली" असं सांगितलं आहे. मी तो भाग तीनदा बघितला.

हा नुसता पुस्तकी बागुलबुवा वाटत असेल तर केरळात कुट्टनाडला बघा. वेंबनाड सरोवराच्या भोवती समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती करतात तोच मुलूख. तिथल्या एका प्रकारच्या जमिनीला 'करी' म्हणतात. मल्याळममध्ये करी म्हणजे कोळसा. माती काळीकुट्ट, सेंद्रिय भरपूर, आत जुनी अर्धवट कुजलेली लाकडंसुद्धा सापडतात. व्हिडिओवाल्यांना दाखवली तर 'काळं सोनं' म्हणून नाचतील. ही करी उन्हाळ्यात वाळली की तिचा सामू 4च्या खाली, कधी 3च्या आसपास उतरतो. म्हणून तिथला शेतकरी ती सहसा वाळू देत नाही. पेरणीआधी शेत भरायचं, पंपाने उपसायचं, पुन्हा भरायचं, असं धुऊन काढतो. पाण्याची पातळी मुळांच्या जरा खाली ठेवतो, त्याहून खोल जाऊ देत नाही. ज्यांच्या पिढ्या या मातीत गेल्या त्यांनी शोधलेला उपाय ओलं ठेवण्याचा आहे, आणि आमचे गृहस्थ सांगतात दोन महिने तापवा.

शेतापुरतंच असतं तर एक वेळ म्हटलं असतं, ज्याचं त्याच्यापाशी. पण हे आम्ल पहिल्या पावसाबरोबर चरातून थेट खाडीत उतरतं, सोबत विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम घेऊन. माशांच्या कल्ल्यांवर ते बसतं आणि मासा गुदमरतो. ऑस्ट्रेलियात ट्वीड नदीत 1987 साली मासे मोठ्या प्रमाणावर मेले ते असंच. उसासाठी पूरमैदानात चर खणले होते, आणि पावसाने त्यातलं आम्ल नदीत ढकललं. मामांच्या खाजणाच्या खालच्या अंगाला बायका तिसऱ्या वेचतात. शिंपल्याचं कवच चुनखडीचं. आम्लात त्याचं काय होणार हे शाळेतल्या प्रयोगात सगळ्यांनी बघितलं आहे.

बरं, 'साचलेलं पाणी हा रोग' हे वाक्य आंब्याच्या बागेत म्हटलं तर ठीक आहे. वरकस जमिनीत उन्हाळी नांगरट करून माती तापवतात, तेही योग्य. भातखाचराचं तसं नाही. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पोन्नमपेरुमा नावाचे श्रीलंकेचे मृदारसायनशास्त्रज्ञ होते. पाण्याखालच्या मातीच्या रसायनशास्त्रावर त्यांनी 1972 साली एक दीर्घ लेख लिहिला, तो आजही या विषयाचा पाया मानला जातो. मामांशी वाद घालताना माझा सगळा भार त्याच्यावरच होता. त्यात दाखवलं आहे की आम्ल माती पाण्याखाली गेली की काही आठवड्यांत तिचा सामू आपोआप वर चढतो, बहुतेकदा साडेसहा-सातच्या आसपास. हवा संपल्यावर जिवाणू लोहाचे ऑक्साइड वापरायला लागतात आणि त्या क्रियेत आम्ल खर्ची पडतं. म्हणजे पत्रिकेवरचा 5.1 हा वाळवलेल्या नमुन्याचा आकडा. श्रावणात पाण्याखाली असलेल्या त्याच खाचराचा सामू वेगळा असतो. ज्याला हे रोग म्हणतात तेच साचलेलं पाणी भाताचं औषध आहे.

या औषधाचाही एक त्रास आहे, तो लपवत नाही. त्याच क्रियेत लोह विरघळतं, आणि फार झालं तर भाताची जुनी पानं टोकाकडून तांबूस-तपकिरी पडतात. गावात लोक रोग समजून त्यावर बुरशीनाशक मारतात आणि पैसे घालवतात. खाचराच्या कडेला पाण्यावर तेलासारखा इंद्रधनुषी तवंग दिसतो, तोही लोहाचाच. काडीने ढोसला तर काचेसारखा फुटतो. तेल असतं तर पुन्हा जुळून आलं असतं. यावर उपाय म्हणजे मधेमधे वरचं पाणी बदलणं, वीतभर खोलीच्या उथळ पाटांनी. साडेचार फुटी चराची इथे गरज नाही.

चुन्याच्या एका पोत्याचा हिशोब मी मामांना कागदावर मांडून दाखवला, कारण ते हिशोबाला मानतात. एक एकर, वरची 20 सेंटिमीटर माती, म्हणजे ढोबळ आठशे टन. वर काढलेल्या चिखलात शंभरात एकच भाग पायराइट धरला तरी आठ टन. त्याचं सगळं आम्ल मारायला 13 टनांहून जास्त शुद्ध चुनखडी लागते. 50 किलोच्या पोत्यांनी मोजा: 260च्या वर पोती! व्हिडिओ म्हणतो एक. मामा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दोनशेसाठ पोत्यांक टेम्पोचा भाडा किती?" तिथे मला पहिल्यांदा वाटलं, जमेल. चुना अजिबात टाकू नये असं मात्र मी म्हणत नाही. साध्या आम्ल खाचरात, तपासून, बेताने टाकलेला चुना उपयोगी पडतो.

व्हिनेगरबद्दल काय लिहायचं? मातीत चुनखडी किंवा शिंपल्याचा चुरा असेल तर ते फसफसतं. बस. आम्लता किती, पायराइट किती, यातलं काहीही त्यातून कळत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. प्रत्येक खाजणात पायराइटाचा साठा असतोच असं नाही. रायगडच्या खारेपाटात गाळ बेसाल्टचा, तिथे सामू बऱ्याचदा सातच्या वर असतो आणि मूळ दुखणं मिठाचं. तिथल्यासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेले पनवेल-1, 2, 3 हे भाताचे वाण आहेत, त्याआधीपासूनचे राता भात आहेत. मामांच्या चिखलातही कदाचित काही नसेल. पण मग आधी बघावं की! साधा मार्ग आहे. तीन-चार फुटांवरचा ओला चिखल काढायचा, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची वडी थापायची, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायची. हवा लागू द्यायची, पण माती ओलसर ठेवायची. सुरुवातीला सामू मोजायचा, मग दर पंधरवड्याला. आठ आठवडे तरी थांबायचं. सामू घसरत 4च्या खाली गेला तर तो चिखल जिथे आहे तिथेच बरा. सामू मोजायच्या कागदपट्ट्या शाळांना प्रयोगाचं साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळतात. जेसीबीच्या तासाभराच्या भाड्यापुढे हा खर्च काहीच नाही.

मामांनी अखेर रविवारचा बेत बदलला, माझ्यामुळे की टेम्पोच्या भाड्यामुळे ते विचारलं नाही. जेसीबीवाला विसार परत द्यायला तयार नव्हता, म्हणून त्याच्याकडून घराकडची पाणंद सारखी करून घेतली. चिखलाच्या तीन वड्या मामींच्या फडताळात लोणच्याच्या बरणीमागे ठेवल्या आहेत. वासावरून मामींचं आणि मामांचं रोज वाजतंय. पहिल्या मोजणीत तिन्ही वड्यांचा सामू साडेसहाच्या आसपास आला, म्हणून मामांनी लगेच मला फोटो पाठवला, खाली विजयाची दोन बोटं. मी उत्तर दिलं: अजून आठ आठवडे.