अम्मानची बोटं राक्षसाची नव्हेत

जमिनीवर पडलेली तीन अवाढव्य बोटं आणि मागे उंच खांब, असा एक फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. सोबतचा दावा असा: जॉर्डनमध्ये चाळीस फुटी महामानवाचा अश्मीभूत हात सापडला, उरलेला सांगाडा शास्त्रज्ञांनी दडवला, आणि ते खांबही अशाच महामानवांनी उभारले.

हात खरा आहे, पण संगमरवरी पुतळ्याचा. जॉर्डनची राजधानी अम्मान, त्या शहराच्या मधोमध जबल अल-कला ही टेकडी आहे. तिच्यावरच्या रोमन देवळापाशी तो उघड्यावर पडलेला आहे, शेजारी कोपराचा तुकडाही आहे. पर्यटक रोज फोटो काढतात, त्यामुळे दडवादडवीचा मुद्दा तिथेच निकालात निघतो. हाड म्हणावं, तर तुटलेल्या बाजूलाही दगडच दिसतो. आणि अश्मीभूत होताना हाडं टिकतात. बोटांचं मांस असं गुबगुबीत उरत नाही.

मुळात चाळीस फुटी माणूस उभाच राहू शकणार नाही. उंची सातपट झाली की वजन ३४३ पट होतं, पण ते पेलणाऱ्या हाडाचा छेद फक्त ४९ पट. म्हणजे हाडांवरचा ताण सातपट. पहिल्याच पावलाला मांडी मोडायची! (घटोत्कचाचा सांगाडा म्हणून आपल्याकडे फिरलेला फोटोही संगणकावर जुळवलेला होता, तरी तो अधूनमधून परत येतोच.)

उरलेलं शरीर कुठे गेलं, हा प्रश्न मात्र रास्त आहे. पुतळा बहुधा भूकंपात कोसळला. पडका संगमरवर लोक भाजून चुना करत, किंवा नव्या बांधकामात वापरत. रोममध्येही सम्राट कॉन्स्टंटाईनच्या महाकाय पुतळ्याचे डोकं, हात, पाय असे सुटे तुकडेच उरले आहेत.

खांबांचं म्हणाल, तर ते कोणी उभारले याची नोंद आहे. रोमन काळात अम्मानचं नाव फिलाडेल्फिया होतं. शिलालेखात मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस या सम्राटांसोबत राज्यपाल जेमिनियस मार्सियानसचं नाव येतं, म्हणून काळ इ.स. १६२ ते १६६ धरतात. खांब सुमारे १० मीटर उंच आहेत, पण एकसंध नाहीत. दगडी तुकडे एकावर एक रचलेले आहेत. आज दिसणारे खांब तर १९९०च्या दशकात संशोधकांनी पुन्हा उभे केले.

शंकाच घ्यायची असेल तर तिथल्या पाटीवरच्या ‘हर्क्युलीस’ या ग्रीक-रोमन पुराणातल्या वीराच्या नावावर घ्या. फिलाडेल्फियाच्या नाण्यांवर तो दिसतो, म्हणून देऊळ आणि हात त्याचे मानले जातात. पण त्या बोटांवर कुणाचं नाव कोरलेलं नाही.