मुळावणं एकट्याने होत नाही

ख्रिस्तात मुळावलेला, म्हणजे खोल रुजलेला, विश्वासणारा रोजच्या वचनाने आणि गुप्त प्रार्थनेने वाढतो आणि त्यातूनच मंडळीत संजीवन, म्हणजे नवं आत्मिक चैतन्य, येतं, असं मी वाचलेल्या एका लेखात म्हटलंय. वचन-प्रार्थनेबद्दल दुमत नाहीच. पण विश्वासातल्या भावाशी समेट करण्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, हे मला फार खटकलं. बायबलमधल्या इफिस 3:17 मध्ये प्रेषित पौल प्रीतीत मुळावण्याबद्दल लिहितो, आणि पुढच्याच वचनात 'सर्व पवित्र जनांसह' म्हणतो. जर्मनीतलं हर्नहूट बघा. तिथे आसरा घेतलेले मोरेव्हियन लोक, म्हणजे छळामुळे मोराव्हियातून आलेले ख्रिस्ती, भक्तिमान होते, तरी आपसातल्या वादांनी गाव फुटायला आलं होतं. त्यांना आपल्या जमिनीवर आसरा देणारे त्सिन्झेन्डॉर्फ घरोघरी जाऊन बोलले, 1727 च्या मे महिन्यात सगळ्यांनी एकत्र राहण्याचा करार केला, आणि 13 ऑगस्टला प्रभुभोजनाच्या वेळी पवित्र आत्म्याने सगळ्यांना हेलावून सोडलं. त्यानंतर सुरू झालेली अखंड प्रार्थना शंभर वर्षांहून अधिक चालली!

आमच्या मंडळीत दोन वडील, म्हणजे मंडळीचे पुढारी, वर्षानुवर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. उपासना संपली की एक पुढच्या दाराने निघायचे, दुसरे बाजूच्या. उपास-प्रार्थना, संजीवन सभा सगळं झालं. चार दिवस उत्साह, मग पुन्हा तेच. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर मोडण्याआधी त्यातले एक उठले आणि सर्वांदेखत दुसऱ्यांपुढे हात जोडून उभे राहिले. त्या दिवसापासून आमची बुधवारची प्रार्थनासभा वेळेत संपेनाशी झाली. लेखकांनी पुढच्या भागात मत्तय 5:23-24 वर, म्हणजे अर्पण करण्याआधी भावाशी समेट करण्याच्या वचनांवर, जरूर लिहावं.